कानसेनला ऐकू न आलेला आवाज

माझ्या थोरल्या वहिनी गळ्यात लोहचुंबक घालीत असत. जाड दोऱ्यात ओवलेला, अक्रोडाएवढा, एका कडेला टवका उडालेला काळा तुकडा. डबा पत्र्याचा आहे की अॅल्युमिनियमचा, हे त्यांना चुंबक सांगत असे. उरलेले सर्व कान सांगत.

आमच्या वस्तीच्या टोकाला घराघरांतील सुका कचरा निवडण्याची शेड आहे. तेथे काच निवडण्याच्या टेबलावर वहिनींनी सव्वीस वर्षे काम केले. मी त्याच शेडमध्ये दाबयंत्र चालवीत असे. पुठ्ठे व कागद यंत्रात दाबून, तारेने आवळून, त्यांच्या गासड्या बांधणे हे माझे काम. माझे थोरले बंधू, म्हणजे वहिनींचे यजमान, दारातील वजनकाट्यावर होते. जेवणाची सुटी झाली की दादा काट्यावरूनच हाक मारीत, "ये गं, मी थांबलोय." वहिनींचे शेवटचे पोते निवडून होईपर्यंत ते आपल्या डब्याचे झाकण उघडीत नसत. ज्या प्रसंगाविषयी मी लिहीत आहे, त्याच्या नऊ वर्षे आधी दादा वारले. ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिची गरज लागणार आहे.

वहिनींचे काम पाहण्यासारखे होते. अंगठ्याच्या नखाने त्या काचेवर टिचकी मारीत. बाटलीची काच एकदाच वाजून गप्प होते. पाणी पिण्याच्या पेल्याची काच वाजल्यानंतर थोडा वेळ गुणगुणत राहते. आरशाच्या काचेला तर आवाजच नसतो, ती पाठीच्या मुलाम्यामुळे मुकी होते. यांतील फक्त बाटली भट्टीत जाते. पेला किंवा आरसा चुकून आत गेला तर सगळी रास परत येते. वहिनींच्या सव्वीस वर्षांत काचेची एकही रास परत आली नव्हती. म्हणून शेडमधील मंडळी त्यांना कानसेन म्हणत. तोंडावर मात्र सगळ्यांच्या त्या मावशी होत्या.

घरीही त्यांची हीच शिस्त होती. जिन्याखाली सात खोकी होती आणि आठवी एक बरणी. दुधाची पिशवी धुऊन, उलटी करून, वाळवूनच खोक्यात जात असे. तेलाचा डाग पडलेला पुठ्ठा कागदात चालत नसे. गोळ्यांची पाकिटे, दुकानातील गुळगुळीत पावत्या आणि फुटलेले बल्ब यांना कोणत्याच खोक्यात जागा नव्हती. बरणीत वापरलेल्या बॅटऱ्या जमत. सुटीच्या दिवशी वहिनी घरोघर जाऊन हे सर्व इतरांना शिकवीत. त्यांची सर्वांत लोकप्रिय शिकवण अशी, की चकचकीत कागद हातात घेऊन चुरगाळावा. चुरगळलेला राहिला तर तो कागद. पुन्हा उलगडू लागला तर त्यावर प्लॅस्टिक आहे. लहान पोरापासून आजीपर्यंत कोणालाही जमेल अशी ही परीक्षा होती, आणि तिनेच पुढचा घोटाळा केला.

तो सोमवार होता. दुपारच्या सुटीस थोडा अवकाश होता. प्लॅस्टिक निवडण्याच्या टेबलावर एक बाई काम करीत असे, जिला आम्ही रेडिओ म्हणत असू, कारण ती सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच बंद होई. बांधून ठेवलेल्या गासड्यांच्या रांगेकडे पाठ करून ती काम करीत होती. मागून एका बाईने तिला विचारले, "जेवलीस का गं?"

"कुठलं जेवतेय! अजून दोन पोती आहेत," असे म्हणत रेडिओने मागे वळून पाहिले.

मागे कोणीही नव्हते. पुरुषभर उंचीच्या गासड्या भिंतीपर्यंत उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून माणूस जाईल इतकी फट नव्हती.

ती आधी हसली. नंतर तिने पलीकडच्या दोघींना विचारले. त्या म्हणाल्या, आम्हीही ऐकले, आम्हाला वाटले तुझी कोणी ओळखीची आली असेल. तेवढ्यात पुन्हा तोच प्रश्न आला. आवाज बारीक आणि मायेचा होता. भिंतीपलीकडच्या खोलीतून कोणी बोलावे तसा तो दबून येत होता. "जेवलीस का गं? गार होतंय."

त्या दिवशी प्रथमच रेडिओ दुपारी बंद पडली.

मी स्वतः ऐकले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी यंत्राचा दट्ट्या खाली आणला, शेडची जमीन नेहमीप्रमाणे थरथरली आणि यंत्राचा खडखडाट थांबताच त्या शांततेत कोणीतरी मला जेवणाचे विचारले. प्रत्येक घरात रोज विचारला जाणारा तो साधा प्रश्न आहे. परंतु ज्या दिशेने तो आला त्या दिशेला माझ्याच हाताने दाबलेल्या कागदाशिवाय काहीही नव्हते. आणखी एक गोष्ट मला खटकली. आदल्या दिवशी रेडिओने आवाज बारीक असल्याचे सांगितले होते. मला जो ऐकू आला तो तितका बारीक नव्हता. बोलणेही जरा ओढल्यासारखे होते, जणू बोलणारी दमली होती.

मुकादम तरुण होता आणि स्वतःला धीट समजत असे. "भुताटकी वगैरे काही नाही," तो म्हणाला. "आवाज आहे ना? मग आपल्याकडे कान आहे. बोलवा मावशींना."

वहिनी हात पुसत आल्या. रांगेसमोर उभ्या राहिल्या, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे होतो. मुकादमाने खूण केली आणि मी जाऊन दट्ट्या एकदा खाली सोडला. जमीन थरथरली.

"जेवलीस का गं?" गासड्यांमधून प्रश्न आला. "गार होतंय."

माझ्यासह पाच जणांनी तो स्पष्ट ऐकला. रेडिओने माझी बाही घट्ट धरली. वहिनी मात्र तशाच डोळे मिटून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "कागद दबला की करकरतो. जा, आपापली कामं करा."

त्या निघून गेल्या आणि कोणीही हलले नाही.

"मावशींना ऐकू नाही आलं," रेडिओ पुटपुटली. "सुई पडली तर कुठल्या धातूची ते सांगतात त्या. त्यांना ऐकू आलं नाही म्हणजे हे कानाने ऐकायचं नाहीच."

आमच्या शेडमध्ये असाच हिशेब चालत असे. कानसेनने ऐकले तर ते आहे, ऐकले नाही तर ते नाही. आता जे नव्हते ते पाच जणांना ऐकू येत होते. त्या दुपारी कोणीही गासड्यांच्या बाजूला जेवायला बसले नाही. दोघी जणी कानांत कापूस घालून काम करू लागल्या. मुकादम म्हणाला, "उद्या दुपारी ट्रक येतोय. सगळ्या गासड्या कागदाच्या कारखान्यात जातील, तिथे लगदा होईल. ब्याद टळेल." हे म्हणताना तोही गासड्यांकडे पाहत नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर जिन्याखाली रिकामे डबे ठेवायला मी वाकलो आणि बाटल्यांच्या खोक्यात मला पेल्याचा तळ दिसला. जाड, गोल, पाणी पिण्याच्या पेल्याचाच. मी तो हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिलो. वहिनींच्या खोक्यात पेला! त्याच्या खाली आणखी एक तुकडा होता.

वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून पत्र्याचा मोठा डबा घासत होत्या. मी त्यांच्या मागे तीन पावलांवर उभा राहिलो आणि पेल्याच्या काचेवर नखाने टिचकी मारली. काच वाजली, गुणगुणली, शांत झाली. वहिनींचे हात चालूच राहिले. मी पुन्हा टिचकी मारली, अधिक जोराने.

"कशाला परीक्षा घेताय, भावोजी?" मागे न वळता त्या म्हणाल्या.

"ऐकू आलं तुम्हाला?"

"डब्यात दिसताय तुम्ही." त्यांनी घासून लखलखीत केलेल्या डब्यावर बोट ठेवले. त्यात माझे वाकडे झालेले तोंड होते आणि हातात काच होती. "दोन वर्षं झाली. जाड आवाज येतात. तुमचा येतो, मुकादमाचा येतो, यंत्राचा येतो. बारीक सगळे गेले. बायका बोलतात ते ओठांवरून ओळखते."

"मग काच कशी निवडता?"

"हाताने. जाडी बघते, कड बघते. आजवर निभावलं." त्यांनी खोक्याकडे पाहिले. "घरी गाफील राहिले, दुसरं काय."

"आणि आज गासड्यांपाशी?"

त्यांनी डबा उपडा ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही पाच जण माझ्या तोंडाकडे बघत होता. काय सांगू? सव्वीस वर्षं ज्या कानांवर बसले तेच गेले म्हणून सांगू? उद्या मला टेबलावरून उठवतील. झाडायला लावतील नाहीतर घरी बसवतील. तुम्ही कोणाला सांगणार नाही, भावोजी."

मी सांगणार नाही असे म्हणालो. वहिनींनी स्वतः सांगेपर्यंत मी तो शब्द मोडला नाही, एवढेच मी माझ्या बाजूने नोंदवू शकतो.

बुधवारी दुपारी, ट्रक येण्यास तासभर असताना, तिसऱ्या गल्लीतील शिंपीणबाई धावत शेडमध्ये आली. गळ्यात टेप तसाच होता, ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या होत्या. तिचे म्हणणे मुकादमाला दोनदा ऐकावे लागले, कारण तिला धाप लागली होती.

तिची आई गेल्या वर्षी वारली. दवाखान्यात दाखल होण्यापूर्वी आईने तिला एक जाड शुभेच्छापत्र दिले होते. त्याच्या मध्यभागी एक बटण होते. ते दाबले की आईचा आवाज येत असे. त्या आवाजाशिवाय तिच्याकडे आईचे दुसरे काही बोलणे शिल्लक नव्हते. गेल्या आठवड्यात तिच्या सासूबाईंनी कपाट आवरले.

"काय बोलते तुझी आई त्यात?" मुकादमाने विचारले. त्याचा आवाज बदलला होता.

"काही नाही हो, नेहमीचंच. जेवलीस का गं, गार होतंय."

रेडिओने तोंडावर हात ठेवला.

"मी सासूबाईंना म्हटलं, अहो, टाकलंत कसं? तर म्हणतात, मी नीट परीक्षा घेऊन टाकलं. कोपरा चुरगाळला, तो चुरगळलेलाच राहिला, म्हणजे कागद. तुमच्या शेडच्या मावशींनीच शिकवलं होतं म्हणे."

वहिनी काचेच्या टेबलाजवळ उभ्या होत्या. त्यांची नजर शिंपीणबाईच्या ओठांवर खिळली होती. त्यांना प्रत्येक शब्द कळला हे मला दिसत होते.

मुकादम घुटमळला. "बाई, आवाज येतो म्हणतात खरं ही मंडळी. पण आमच्या मावशींनी काल उभं राहून ऐकलं. त्यांना काही आलं नाही. आणि त्यांना आलं नाही म्हणजे ते इथे नाही. चाळीस गासड्या आहेत. बांधलेली गासडी आम्ही सोडत नाही. कुठली म्हणून सोडू?"

शिंपीणबाईने वहिनींकडे पाहिले. "तुम्ही ऐकलंत? खरंच नाही आलं?"

 वहिनींनी गळ्यातील चुंबक मुठीत धरले होते. मला असे वाटत होते की त्या "नाही" म्हणतील, आणि ते खरेच ठरेल.

शिंपीणबाई दाराकडे वळली. ती वजनकाट्यापर्यंत पोहोचली तेव्हा वहिनी मोठ्याने म्हणाल्या, "थांब गं पोरी. मला ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली."

मुकादम बावळटासारखा हसला. "मावशी, थट्टा करताय का?"

"थट्टा केली ती काल. आवाज असेल, बाबा. मी बहिरी झालेय. आणि त्या शुभेच्छापत्रात बटण आहे, म्हणजे आत बॅटरी आहे."

"बॅटरी!" मुकादम ताडकन उडाला. "कागदाच्या गासडीत बॅटरी? अहो, भूत असतं तर मी जाऊ दिलं असतं, बॅटरी म्हणजे आग! भावोजी, चालवा यंत्र, हादरलं की बटण दबतंय. कुठून येतोय ते आधी बघू."

तो घाबरला की वहिनींसारखाच मला भावोजी म्हणत असे. मी दट्ट्या सोडला. जमीन थरथरली. आम्ही सर्व थांबलो.

पहिल्या वेळी काहीच आले नाही. दुसऱ्या वेळी जे आले ते ऐकून शिंपीणबाई दोन पावले मागे सरली. गासड्यांच्या पोटातून एक जाड, अत्यंत संथ आवाज निघाला. प्रत्येक अक्षर ओढत, घसा खरवडत, जणू कोणी फार खालून, फार प्रयत्नाने बोलत होते. शब्द समजत नव्हते.

"ही माझी आई नाही," शिंपीणबाई म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "हा पुरुष आहे. ही आई नाही."

रेडिओ भिंतीला टेकून खाली बसली. बॅटरी उतरली की आवाज जाड होतो, ही साधी गोष्ट त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

मी वहिनींकडे पाहिले. त्यांनी मान वळवली होती. सव्वीस वर्षे ज्या रीतीने त्या मान वळवीत आल्या, एक कान पुढे, डोळे अर्धे मिटलेले, अगदी त्या रीतीने. त्यांना ऐकू आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हाक मारल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येते ते होते. त्या चालू लागल्या. रांगेच्या कडेने गेल्या, भिंतीकडून तिसऱ्या गासडीपाशी थांबल्या, आणि तिच्यावर पंजा टेकला.

"ही," त्या म्हणाल्या.

"पुन्हा चालवू यंत्र? खात्रीसाठी?" मी विचारले.

"नको! जेवढं उरलंय तेवढं संपवू नका."

मी तारा कापल्या. दाबलेला कागद सुस्कारा टाकल्यासारखा फुगला आणि पायांशी पसरला. वहिनी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी गळ्यातील दोरा काढला आणि चुंबक थरांवरून अगदी हळू, कापडावर इस्त्री फिरवावी तसे फिरवू लागल्या. कागदाला चुंबक ओढत नाही, पण बटणाखालच्या, आवाज काढणाऱ्या चकतीत लोखंड असते. चौथ्या की पाचव्या थरावर दोरा ताठ झाला. चुंबक एका जागी चिकटून बसले. वहिनींनी दोन वर्तमानपत्रांमधून एक दुमडलेले, फुलांचे चित्र असलेले जाड पत्र बाहेर काढले. त्याचा एक कोपरा चुरगळलेला होता.

शिंपीणबाईने ते दोन्ही हातांनी घेतले, परंतु बटण दाबण्याचा धीर तिला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीकडून नवीन बॅटरी बसवून ती ते पत्र मुद्दाम शेडमध्ये घेऊन आली. वहिनी तेव्हा काचेच्या टेबलावर नव्हत्या. मुकादमाने त्यांना दारातील काट्याजवळ खुर्ची दिली होती. त्यांच्या जागी नवीन बाई बसली होती आणि नखाने चुकीच्या ठिकाणी टिचक्या मारीत होती. मुकादमाने अधिक काही बोलून दाखवले नाही, ही त्याची भलाई. शिंपीणबाईने वहिनींसमोर बटण दाबले. बारीक, मायेचा, स्वच्छ आवाज आला. तिचे डोळे भरले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. "बोलली का?"

"बोलली."

"काय म्हणाली?"

"जेवलीस का गं, गार होतंय."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनींनी शिंपीणबाईच्या पाठीवरून हात फिरवला. "छान आहे हो आवाज," त्या म्हणाल्या.

त्यानंतर वहिनी चार वर्षे त्या खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येक घराला शिकवीत राहिल्या. चुरगाळण्याची परीक्षा त्यांनी बंद केली नाही. तिच्या आधी एक वाक्य जोडले, "आधी दाबून बघा, बोलतंय का. बोलणारी वस्तू कागदात टाकायची नाही." लोक हसत, पण दाबून पाहत.

शिंपीणबाई पत्र वाजवून गेली त्या दिवशी शेडमधून घरी परतताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "भावोजी, काल गासडीतून तुम्ही काय ऐकलंत?"

"घरघर. शब्द कळले नाहीत."

 चुंबक त्यांच्या गळ्यात हलत होते.

"मला कळले," वहिनी म्हणाल्या. "ये गं, मी थांबलोय."

 मी तो आवाज ऐकला होता आणि त्यात शब्द नव्हते. शिंपीणबाईच्या पत्रातही ते शब्द नव्हते. मात्र चाळीस गासड्यांतून नेमकी तीच गासडी वहिनींनी कशी ओळखली, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. आम्हा सर्वांना तो आवाज सगळ्याच गासड्यांतून आल्यासारखा वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची सुटी झाली की वहिनी आपली खुर्ची काट्याकडून वळवून गासड्यांच्या समोर ठेवीत. डबा उघडीत, सावकाश जेवीत, झाकण लावीत. मग कोणाकडेही न पाहता, त्या रांगेला हळूच सांगत, "जेवले हो."

रेडिओ त्या वेळी बोलणे थांबवीत असे. मी दट्ट्या वरच धरून ठेवीत असे, कारण तेवढ्यात जमीन थरथरावी असे मला वाटत नसे.